ओहोटीला पाहिलेली होडी

खांदा कॉलनीतून निघताना मी पिशवीत नारळ टाकला, तेव्हा अविनाश, माझा नवरा, दारात हसत उभा होता.

"अजून होडी पाहिली नाहीस आणि फोडायला नारळ?"

"पसंत पडणारच आहे," मी ठासून सांगितलं.

माझं हे नेहमीचंच. मन आधी ठरवून मोकळं होतं, डोळे मागून येतात. बारा वर्षं दुसऱ्यांच्या शिडाच्या होड्यांवर दोर ओढत शिकले. शाळेतून निवृत्त झाल्यावर स्वतःची यॉट घ्यायची आणि किनाऱ्या-किनाऱ्याने मालवण गाठायचं, हे पक्कं होतं. नवी परवडणार नव्हती, म्हणून जुनी. सोबत अविनाश येणार होता, आणि त्याला पोहता येत नाही.

पळस्प्याला उरणचा रस्ता धरला आणि कंटेनरच्या ट्रेलरांमागे रखडत द्रोणागिरीला पोचले. तिथे हिराकाका वाट पाहत होते. माझ्या शाळेतल्या एका बाईंचे हे वडील. जन्म मासेमारीत गेला. विकणाऱ्या कप्तानांनी दुपारी भरतीला बोलावलंय, असं मी सांगितलं तर काका गाडीत बसता बसताच म्हणाले, "भरतीला सगल्याच होड्या बऱ्या दिसतान. आताच चल. तिचा बूड बघाचा हाय."

खाडीवर पोचलो तेव्हा पाणी पार मागे सरलं होतं. काळ्या चिखलात बगळे चरत होते आणि धक्क्याच्या खांबांना टेकून ती उभी होती. पांढरीशुभ्र, कडेला निळा पट्टा. मी तिथेच विरघळले.

कप्तान सत्तरीचे, जहाजावरून निवृत्त झालेले. आम्हाला इतक्या लवकर पाहून गडबडले, पण चहा मागवला. काका शिडीने आत उतरले आणि त्यांनी इंजिनावर तळवा ठेवला.

"गरम हाय. सकाली चालू केलंव?"

"थंडीत जरा कुरकुरतं," कप्तान म्हणाले.

"मंग थंड होऊ दे. आमी बसतो."

तासभर बसलो. थंड झालेलं इंजिन पाचव्या खेपेला खोकत सुरू झालं. "होईल की दुरुस्त," मी म्हटलं. शीड उन्हासमोर धरलं. शिवणीपाशी कापड विरलेलं होतं. "नवं शिवता येईल." डोलकाठीच्या (शिडाच्या उभ्या खांबाच्या) पोलादी तारांवरून कापसाचा बोळा फिरवला, तो दोन ठिकाणी तुटक्या धाग्यांना अडकला. "तारा बदलू." काका दर वेळी पुढची वस्तू तपासायला घेत होते. त्याचा मला राग येऊ लागला होता.

मग ते चिखलात उतरले. मीही सलवार गुडघ्यापर्यंत खोचून मागोमाग गेले.

"कप्तान, रंग कंदी लावलाव?"

"गेल्याच महिन्यात."

काका माझ्याकडे वळले. "बाय, आमी होडीला रंग लावतो नारली पुनवेच्या आदी, दर्यात जायाच्या टायमाला. ऐन हंगामात कोन लावतो? ज्याला विकाची हाय तो."

मी वर पाहिलं. कप्तान चहाचे कप गोळा करू लागले होते.

काकांनी कोयत्याच्या लाकडी मुठीने होडीचं अंग ठोकायला सुरुवात केली. वर टणक आवाज येत होता. खाली कीलपाशी (तळाच्या जड कण्यापाशी) आवाज बसला, भिजल्या पुठ्ठ्यासारखा. कप्तानांची परवानगी घेऊन त्यांनी तिथला रंग खरवडला. आत पुट्टी भरलेली होती, आणि पुट्टीमागे हातभर लांबीची चीर.

मला अजूनही हार मानायची नव्हती. होडीत चढून मी तळाच्या फळ्या उचलल्या. खाली पाणी साचलेलं होतं.

"पावसाचं राहिलं असेल," कप्तान वरून म्हणाले.

मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. पावसाचं नाही, चिरेतून झिरपलेलं खाडीचं. मग अविनाश डोळ्यांपुढे आला, त्या फळ्यांवर बसलेला, माझ्यावर भरवसा ठेवून.

"नाही, कप्तानसाहेब," मी म्हणाले. "मी ही घेत नाही."

ते धक्क्याच्या कडेशी बसले. "मागे एका खडकावर घासली होती. जुनी दिसली तर कुणी चढायचंसुद्धा नाही, म्हणून रंगवली. चुकलंच माझं." मला त्यांचा संताप यायला हवा होता, पण वाईटच वाटलं. "पुढच्या माणसाला ती चीर आधी दाखवा," एवढं मात्र मी बजावलं.

परतताना काकांच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) खाल्ली. काकांनी माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "नारल घेऊन आलीस, तवाच मला भ्याव वाटला. तुला नाय म्हनता येल का नाय."

अविनाशने दार उघडलं. माझी चिखल उडालेली सलवार पाहिली आणि तो बाजूला झाला. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि नारळ फोडला. आतलं पाणी वाटीत धरून त्याला दिलं, उरलेलं मी प्यायले. गोड होतं. ओट्याशी उभी राहून मी रडले, मग डोळे पुसले. पुढची होडीही ओहोटीलाच बघणार आहे. नारळ मात्र होकार दिल्यावरच आणायचा.