मरण चालू करायचं राहिलं

माझा धाकटा हल्ली कशालाही "हो" म्हणतो. जेवलास का? हो. झोप लागते का? हो. उद्या आभाळ कोसळणार आहे का, असं विचारलं तरी हो म्हणेल. एरवी एका प्रश्नाला तीन उलट प्रश्न करणारा मुलगा. चार दिवस झाले, तो "हो" माझ्या कानातून जात नाही. आणि त्याला कारण मीच आहे.

तो दुसऱ्या गावी एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेम तपासायचं काम करतो. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या, स्क्रीनवर ऊन येऊ नये म्हणून खिडक्यांना पुठ्ठे लावलेले. माणसं तीन. कंपनी चालवणाऱ्या मॅडम, गेमचा कोड लिहिणारा एक दाढीवाला, आणि हा. दोन वर्षं त्यांनी एकच गेम केला. एक व्हायकिंग, म्हणजे जुन्या काळचा समुद्रावरून चालून येणारा उत्तरेकडचा लढवय्या, कुऱ्हाड घेऊन बर्फात उतरतो आणि दिसेल त्याला कापत सुटतो. बाकी गोष्ट म्हणून काही नाही.

मागे आठवडाभर त्याच्याकडे राहिले, तेव्हा एक दिवस ऑफिसात जाऊन बसले होते. गेम ओबडधोबडच होता. कुऱ्हाड आधी लागायची, आवाज मागून यायचा. मेलेल्यांचे पाय हलत राहायचे. माझा मुलगा त्या लढवय्याला एकेका भिंतीवर नेऊन आपटत होता आणि कुठे अडकतो ते वहीत लिहीत होता. चौतिसाव्या वर्षी पाठीला बाक आलाय.

"दिवसभर हेच?" मी विचारलं.

"हेच. भिंतीवर डोकं आपटायचं."

"आणि त्याचा पगार देतात?"

"तुला नाही का दिला शाळेत, तीस वर्षं?"

दाढीवाला हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. "काकू, हा दिवसभर माझ्या चुका काढतो आणि दुपारी माझाच डबा खातो," म्हणाला.

तपासताना लढवय्या सारखा सारखा मरतो आणि दर वेळी पहिल्यापासून खेळावं लागतं. म्हणून ही मंडळी त्याचं मरणच बंद करून ठेवतात. गेम विक्रीला जायच्या आधी ते पुन्हा चालू करायचं. यादीतलं हे शेवटचं काम माझ्या मुलाचं. अकरा दिवस धड न झोपलेल्या माणसाने त्या ओळीपुढे खूण केली, आणि मरण चालू करायचं राहिलं. गेम तसाच बाहेर गेला. अंगात चाळीस बाण घुसले तरी गडी आपला उभा. "मी जेवून, भांडी घासून आलो, हा अजून उभाच," असं एका गिऱ्हाइकाने लिहिलं. लोक हसले आणि गेम परत करू लागले.

मॅडमनी दोघांना समोर बसवून विचारलं. दाढीवाला म्हणाला, "शेवटचे बदल मीच केले होते. माझ्याच हातून झालं असणार." त्याला खरोखर तसं वाटत होतं. मॅडमनी त्याला काम सोडायला सांगितलं.

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, ते माझ्याकडून राहिलंय. सांगू का मॅडमना?"

"आता तुला कोणी विचारतंय का? मग आपणहून कशाला हात वर करतोस? गप्प राहा."

"हो," तो म्हणाला. तो पहिला.

हे शेजारीच बसले होते. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," एवढंच म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. यांना काय जातंय बोलायला. याच्या आधीची कंपनी बंद पडली, तेव्हा पोरगा चौदा महिने घरी होता. दाराची बेल वाजली की उठून आतल्या खोलीत जायचा. ते मी पाहिलंय. पुन्हा बघायची ताकद नाही माझ्यात, म्हणून तसं बोलून गेले.

आज त्याने फोनवर दाढीवाल्याचा मेसेज वाचून दाखवला. उद्या दहाला तो सामान न्यायला येणार आहे. पुढे लिहिलं होतं, "पुलाजवळ बर्फात पाय अजून अडकतो, तेवढं वहीत टाक. माझ्या जागी नवीन येईल त्याला सांभाळून घे."

"चांगला आहे रे मुलगा," मी म्हटलं.

"हो."

फोन मात्र त्याने ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.

आता रात्रीचे पावणेबारा झालेत. तो जागा असणार. मला दोनच वाक्यं बोलायची आहेत. मी तुला चुकीचं सांगितलं. दहाच्या आत मॅडमना खरं काय ते सांग. पुढे नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि तसंच त्याला सांगणार आहे. हे म्हणतात, सकाळी कर फोन. पण सकाळपर्यंत मी पुन्हा घाबरेन. आत्ताच लावते.