दाढ दुखायची थांबली तो दिवस

आमच्याकडे गुडघा धरला की सरकी, कंबर धरली की सरकी. गुरांसाठी आणलेल्या पोत्यातली मूठभर सरकी तव्यावर गरम करायची, फडक्यात बांधायची आणि दुखऱ्या जागेला शेक द्यायचा. त्यामुळे ऐन कापूस वेचणीत मोठ्या जाऊबाईंची खालची दाढ ठणकू लागली, तेव्हा त्यांनीही गालाला सरकीची पुरचुंडी लावली. दर्यापूरला दातांच्या डॉक्टरांना दाखवून या, असं मी त्यांना पुन्हापुन्हा म्हटलं.

"वावरात कापूस फुटून पडला अन् मी तिकडे तोंड वासून बसू काय वं?" त्या म्हणाल्या. हट्टीपणात त्यांचा हात धरणारं आमच्या घरात कोणी नाही, आणि माझा नंबर त्यांच्या मागोमाग लागतो.

मग एका सकाळी दाढ दुखायची थांबली. गाल टम्म सुजलेला, अंगात कणकण, पण ठणका गेला. "पाह्य, सरकीनं ओढून घेतलं सारं," जाऊबाई म्हणाल्या. मलाही हायसं वाटलं. ठणका गेला म्हणजे दुखणं गेलं, असंच आपण धरून चालतो.

दुपारी त्यांना चहा दिला. पहिला घोट ओठांच्या कडेनं पदरावर सांडला. चहा गरम असेल असं मला वाटलं. मग लक्षात आलं, त्या थुंकीसुद्धा गिळत नव्हत्या, सारखी पदरानं पुसत होत्या. सूज गालावरून उतरून हनुवटीखाली या कानापासून त्या कानापर्यंत पसरली होती. बोट लावलं तर फळीसारखी टणक. मी त्यांना आडवं पडायला सांगितलं, तर त्यांनी मान हलवली.

"झोपलं का जीव कोंडते," त्या म्हणाल्या. तोंडात गरम घास धरून बोलावं तसं ते बोलणं होतं.

मी दर्यापूरच्या त्याच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, तोंड किती उघडतं? एक बोटही जात नव्हतं. थुंकी गिळता येते? नाही. "माझ्याकडे आणूच नका," ते म्हणाले. "सरळ अकोल्याला, मोठ्या दवाखान्यात. बसवूनच न्या, झोपवू नका."

"पण डॉक्टर, दाढ तर आता दुखत नाही."

"दाढेचं सोडा, ताई. सूज श्वासाच्या वाटेवर आली आहे. निघा."

फाट्यावर अकोल्याची जीप उभी होती. माणसं बाहेर लोंबकळेपर्यंत ही जीप हलत नाही, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. जाऊबाईंचे यजमान, म्हणजे माझे भासरे, पुढे होऊन बोलायच्या आतच ड्रायव्हरनं एकदा जाऊबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि आत बसलेल्यांना म्हणाला, "उतरा बाप्पा सारे." सगळे उतरले. त्या रिकाम्या जीपमध्ये आम्ही तिघंच बसलो. वाटभर मी फक्त त्यांचा श्वास ऐकत होते. प्रत्येक श्वास आत जाताना गळ्यात अडखळत होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना पुढे वाकून बसलेलं दारातूनच पाहिलं आणि थेट आत नेलं. श्वासनलिकेत नळी घातली, हनुवटीखाली चीर देऊन पू काढला, दाढ काढली. नंतर त्यांनी आम्हाला समजावलं. दाढेतली नस मेली की ठणका थांबतो, पण पू थांबत नाही. तो जबड्यातून जिभेखाली उतरतो आणि जिभेलाच वर ढकलतो. वरून शेक दिल्यानं तो बाहेर ओढला जात नाही, उलट सूज पसरू शकते. "अजून थोडा उशीर झाला असता तर श्वासच बंद पडला असता," ते म्हणाले.

ती दाढ मी पाहिली. शेंगदाण्याएवढी. वावरभर बायकांना कामाला लावणाऱ्या बाईला या एवढ्याशा वस्तूनं मरणाच्या दाराशी नेलं होतं. मी थक्क झाले. माणसाचा गळा इतका अरुंद असतो आणि तरी आपण दिवसभर त्यातून गिळतो, बोलतो, श्वास घेतो, याचा मी जन्मात कधी विचार केला नव्हता.

नळी निघाल्यावर नर्सनं चमच्यानं पाणी दिलं. जाऊबाईंनी ते तोंडात धरून ठेवलं. भासरे पलंगाचा दांडा पकडून उभे. मग जाऊबाईंचा गळा हळूच वर सरकला आणि खाली आला. ओठांच्या कडेनं एक थेंबही बाहेर आला नाही. भासऱ्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

"काय पाहून राहिले सारे?" जाऊबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "पानीच त पेली ना मी."

"अजून एक घोट घ्या, बाई," मी म्हटलं. "मले पाहू द्या."