शकूचे सहाशे शब्द

कसबा पेठेतल्या बालवाडीत मंदाकिनीताईंना बावीस वर्षं झाली होती, आणि दुपारी मुलं घरी गेल्यावर रिकाम्या वर्गात डोळे मिटून बसायची त्यांची खोडही तेवढीच जुनी होती. मुलं गेली तरी आवाज लगेच जात नाहीत, असं त्या म्हणत. सतरंजीवर, खिडकीच्या गजांत थोडा वेळ रेंगाळतात.

एक्याऐंशी साली ते आवाज खरोखरच परत येऊ लागले. हेमा नावाची कॉलेजातली मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन आली. चार वर्षांच्या मुलांकडे किती तऱ्हेचे शब्द असतात, ते तिला मोजायचं होतं. वेगळे शब्द भागिले एकूण शब्द. झालं.

"ताई, शकूचा आकडा सगळ्यात खाली आलाय. शंभरात पंचवीस."

"शकूचा? अगं, ती झोपेतसुद्धा बोलते!"

"बोलते हो, पण तेच तेच. श्याम बघा. शंभरात ऐंशी."

"श्याम? त्याला तहान लागली तरी तो माठाकडे बोट दाखवतो!"

हेमा हसली, पण यादी तिनं पुढे केलीच. मुख्य बाईंनी ठरवलं होतं, तळाच्या मुलांना जूनमध्ये मोठ्या गटात घ्यायचं नाही. यादी उद्या जाणार होती, आणि पहिलं नाव तांबटाच्या शकूचं होतं.

"शकूची टेप संध्याकाळपर्यंत माझ्याकडे राहू दे," ताई म्हणाल्या.

त्यांनी चिंचोके घेतले. नवा शब्द आला की वाटीत, जुनाच आला की परातीत. बटण दाबून डोळे मिटले.

"मी बाबांच्या हंड्यात बसले आणि गेले, गेले, गेले. मग पूल आला. मग मासा आला. मासा म्हणाला, कुठं चाललीस?"

सुरुवातीला वाटी भराभर भरली. मग हंडा पुढे गेला, आणखी पुढे. वर्गातली फरशी हळूहळू ओली, हिरवी झाली. ताईंना वाटलं, आपणही त्या हंड्यात बसलोय. प्रत्येक वळणावर "मग" येत होतं, प्रत्येक लाटेला "गेले". चिंचोके आता परातीतच पडत होते. पडणारच. एवढ्या लांबच्या प्रवासाला तेच वल्हं पुन्हा पुन्हा मारावं लागतं.

त्यांनी डोळे उघडले.

संध्याकाळी हेमा आली तशी ताईंनी विचारलं, "श्याम किती बोलला गं?"

"चाळीस शब्द."

"आणि शकू?"

"सहाशे. टेप संपली म्हणून थांबली."

"मग शकूचेही पहिले चाळीसच मोज."

हेमानं मोजले. पुन्हा मोजले. "ताई, तेहेतीस वेगळे निघाले. श्यामचे बत्तीस होते."

"बघ."

"म्हणजे जो जास्त बोलेल, तोच खाली जाईल?"

"तू तरी आल्यापासून कितीदा 'ताई' म्हणालीस? मोजायचं का?"

हेमा ओशाळली. "पण मुलं तेवीस आहेत. सगळं पुन्हा करावं लागेल, आणि यादी तर उद्या..."

"उद्या जाणार नाही."

"बाईंना काय सांगू?"

"मोजताना चूक झाली, असं सांग. जीभ अडली तर मी सांगते."

हेमानं शकूच्या नावावर रेघ मारली, क्षणभर थांबली, आणि मग पूर्ण पानावरच आडवी रेघ ओढली. सगळ्यात कमी श्यामच बोलला होता. आता त्याच्या चाळिसांवरच प्रत्येकाला मोजायचं होतं. तिनं त्याची टेप लावली.

"मांजर," श्याम म्हणाला, आणि बराच वेळ नुसती टेपची खरखर येत राहिली. पुढचा शब्द ऐकायला दोघी खाली वाकल्या.