आईचा राखाडी दात

आई हसली की समोरचा एक दात बाकीच्यांहून वेगळा दिसतो, तिन्हीसांजेच्या ढगासारखा राखाडी. परवा मी तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. चहा फार घेता का, मिश्री लावता का, लहानपणी कसली औषधं घेतली होती का, असं ते विचारत गेले. प्रत्येक वेळी आईने नुसती नकारार्थी मान हलवली.

"मग कधीतरी मार लागला असणार. आतली नस मेली की दात हळूहळू असा काळवंडतो," ते म्हणाले. आई पदर सावरत खुर्चीतून उतरली.

संध्याकाळी गॅलरीत मटार सोलताना ती आपणहून बोलली. "तू सात-आठ महिन्यांची होतीस. मांडीवर नाचवत होते तुला. तू खिदळत अशी उसळलीस, की डोकं थेट दातावर."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"तू शेजारी बसली होतीस ना."

मी हातातली शेंग तशीच धरून बसले. मला न आठवणारा माझाच एक आनंद तिच्या तोंडात इतकी वर्षं सावकाश रंग बदलत राहिला होता. आपल्या अशा किती खुणा कुणाकुणाच्या अंगावर असतील, कोण जाणे.

"फार दुखलं होतं?"

"तू रडायला लागलीस," आई म्हणाली. "मग तुलाच घेऊन फिरत राहिले."