पेल्याचा आवाज

अक्कांचा पेला वाजला की मी पुस्तक पालथं घालते. स्टीलचा पेला, पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटायचा, ही त्यांची घंटा. पाणी हवं, कूस बदलायची आहे, पंखा जास्त झाला, किंवा काहीच नाही, नुसतं मी आहे ना ते बघायचं. अक्का म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. लहानपणीच विधवा होऊन कुंभकोणमला माहेरी परत आल्या, त्या आमच्याबरोबरच राहिल्या. आता यजमान नाहीत. मुलाच्या शोळिंगनल्लूरच्या फ्लॅटमध्ये, शहराच्या अगदी टोकाला, दहाव्या मजल्यावर, आम्ही दोघी म्हाताऱ्या. मुलगा सकाळी सिरुसेरीला कामावर जातो, सूनबाईचं ऑफिस समोरच्याच काचेच्या इमारतीत. तिची खिडकी कोणती ते मी अजून शोधतेच आहे.

खाली उतरायचं म्हटलं तर लिफ्ट आहे, बाग आहे, भाजीवालासुद्धा येतो. पण अक्कांना दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. मुलाने एक नर्सबाई ठेवून पाहिली, चांगली होती हो बिचारी. अक्कांनी दिवसभर तोंड उघडलं नाही, ना घासाला, ना बोलायला. संध्याकाळी ती स्वतःच चपला घालून निघाली. तेव्हापासून आमच्या खोल्यांमधलं दार कधी लागत नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येतो, त्यांना माझं पान उलटलेलं.

पुस्तकाचं सांगायचं तर, मी शाळेत फार गेले नाही. तमिळ वाचायला शिकले ते मासिकांतल्या गोष्टींसाठी. देवनागरी तर पन्नाशीनंतर, नातीच्या हिंदीच्या परीक्षेच्या पुस्तकावरून. या तमिळ मुलखात तीनशे वर्षं घरात मराठी बोलतो आम्ही, पण लिहायला कुणाला येत होतं! तर त्या तमिळ पुस्तकांत मला ती भेटली. इंग्लंडातली लेखिका, दीडशे वर्षांपूर्वीची. बाप खेडेगावातला डॉक्टर, घोड्यावरून पडला आणि त्याचे पाय गेले. आई नव्हती. बाप वरच्या खोलीत, ही खाली स्वयंपाकघराच्या टेबलाशी लिहायला बसलेली, आणि तो काठीने जमीन ठोकायचा. ठोकली की हिने लेखणी ठेवायची. चार कादंबऱ्या लिहिल्या बाईने, पुरुषाचं नाव लावून. प्रकरणं कशी आखूड आहेत, दोन-तीन पानांची. तमिळमध्ये आणणाऱ्याने प्रस्तावनेत म्हटलंय की ती तिची शैली. मला हसू आलं. शैली कसली! काठी वाजली असणार.

आणि गंमत बघा, चारही कादंबऱ्यांत मुलगी शेवटी घर सोडून निघते. एक बोटीने, एक घोडागाडीने, एक तर पावसात पायीच. आणि ही बाई स्वतः गावाच्या वेशीबाहेर गेली नाही.

दुपारी मी अक्कांना हे सगळं सांगायची. आपल्या घरच्या मराठीत सांगितलं की इंग्लंड कुठे उरतं? पावाची भाकरी होते, पाद्र्याचा भटजी होतो. तिचं नाव अक्कांच्या जिभेवर बसेना, म्हणून ती झाली "ती पोरगी". रोज विचारायच्या, "त्या पोरीचं काय झालं गं पुढे?" कादंबरीतल्या मुलीचं की लिहिणारीचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग यजमानांचं श्राद्ध आलं. भटजी जेवून उठले, पानसुपारी झाली, तर अक्कांनी आतून हाक मारली.

"भटजी, एक मुलगी आहे. शिकलेली, लिहिते. आई नाही, बापाचं सगळं करते. वय थोडं झालंय. बघा ना कुठे."

आमची घरं म्हणजे मूठभर. कुठल्याही मुलीची गोष्ट निघाली की ती कुणाची तरी भाची निघते आणि तिचं लग्न जमवायचं असतं. भटजींनी फोन काढला. "नक्षत्र काय? गोत्र?"

"गोत्र हिला विचारा. ही तिला चांगली ओळखते."

सूनबाई ओट्याला धरून हसत होती. मुलगा म्हणाला, "अक्का, अय्यो, ती इंग्लंडात आहे!"

"असू दे की. आपली कितीतरी मुलं तिकडेच आहेत."

आता मात्र मलाच सांगावं लागलं. "अक्का, ती केव्हाच गेली. दीडशे वर्षं झाली."

त्यांनी वाटीतली खीर बाजूला सारली. "तशीच गेली? बिनलग्नाची?"

"हो."

"आणि बाप?"

"तो तिच्यानंतर गेला."

त्या दिवशी पुन्हा पेला वाजला नाही.

त्याच सुमारास शहरातल्या गिंडीच्या वाचन मंडळातल्या बाईंचा फोन आला, त्यांच्याशी मी अधूनमधून फोनवर पुस्तकांचं बोलते. महाराष्ट्रातून आलेल्या काही, आमच्यातल्या काही, अशा बायका एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी जमतात. म्हणाल्या, "शनिवारी तुम्हीच बोला तुमच्या त्या लेखिकेवर." मला! माझ्या मराठीला पुण्याच्या बायका हसतात, तरी मला. मी कपाटातून निळी रेशमी साडी काढून उन्हात घातली. यजमान गेल्यापासून तिची घडी मोडली नव्हती.

मुलगा म्हणाला, "अम्मा, लॅपटॉप लावून देतो. घरबसल्या बोल. कशाला जायचं एवढं?" त्याला काय सांगू, घरबसल्याचाच तर कंटाळा आलाय.

दुपारी अक्का छताकडे बघत म्हणाल्या, "त्या पोरीने बापाला कधी विचारलं का? की मी जाऊ का म्हणून?"

"माहीत नाही. पुस्तकात नाही लिहिलेलं."

"विचारलं नसेल. न विचारताच बसली असेल रडत."

मी पलंगाच्या काठावर बसले. "अक्का, शनिवारी मी गिंडीला जाऊन येऊ? दुपारी जाईन, दिवेलागणीला परत. सूनबाई घरी असेल."

त्यांनी माझं मनगट धरलं. किती तरी वेळ. मला वाटलं, हो म्हणतात.

"नको," त्या म्हणाल्या. "मला भीती वाटते."

साडी घडी करून ठेवली.

शनिवारी लॅपटॉप लागला. साडी तीच नेसले. चौकोनात खांद्यापर्यंतच दिसत होती. बोलायला लागले तसा धीर आला. बोट, घोडागाडी, पाऊस, सगळं सांगितलं. चौकोनाचौकोनांतून बायका माना डोलावत होत्या. कुणी हसत नव्हतं. काठीशी आले तेव्हा जाणवलं, की बसल्यापासून पेला वाजलेलाच नाही. एकदाही नाही. मी बोलत राहिले, पण कान मागे. श्वासही ऐकू येईना.

"एक मिनिट हं," म्हणून उठले.

अक्का जाग्या होत्या. पेला दोन्ही हातांत छातीशी घट्ट धरलेला, कठड्याला लागू नये असा. चादर कमरेपासून ओली. कधीपासून तशा पडल्या होत्या कोण जाणे.

"अक्का, हाक का नाही मारली?"

"संपलं का तुझं?"

"नाही."

मी चादर बदलली, लुगडं बदललं, पाठ पुसली. निळ्या रेशमावर ओल लागली, लागू दे. त्यांनी डोळे मिटून घेतले. बाहेर लॅपटॉपमधून कुणीतरी विचारत होतं, "आहेत ना हो त्या?" पेला मी नेहमीच्या जागी, त्यांच्या हाताशी ठेवला. त्यांनी तो उचलून खाली जमिनीवर सोडला, हात पोचणार नाही असा.

"जा," त्या म्हणाल्या. "आणि दार लोटून घे."

मी दार लोटलं. किती दिवसांनी लागत होतं, बिजागरी करकरली. खुर्चीत येऊन बसले. समोर सगळ्या बायका थांबलेल्या, आणि मला काही केल्या आठवेना की मी काठीपाशी काय सांगत होते.