'पॉश'ची दुरुस्ती आणि टेंबे सर

कंपनीच्या नोकरीसाठी मी नाशिकहून झाशीला आलो, तेव्हा माझे इंग्रजी बेताचेच होते. सदर बाजारात माधवराव टेंबे सर संध्याकाळी इंग्रजी शिकवतात असे कळले, म्हणून गेलो. पहिल्या दिवशी त्यांनी व्याकरणाला हातही लावला नाही. 'लूट' हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलला, हे सांगून म्हणाले, "आपलाच माल आहे, भैया. घाबरता कशाला?"

सरांचा जीव मुळातच अस्वस्थ. शब्दाचे मूळ सापडेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नाही, आणि सापडलेले मूळ खोटे निघाले तर झोप लागत नाही. 'पॉश'चे तसेच झाले. बोटीने हिंदुस्थानात येणाऱ्या बड्या साहेबांना जाता-येता सावलीच्या बाजूची खोली मिळे. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', म्हणजे 'इकडे येताना डावी, मायदेशी परतताना उजवी', या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे म्हणजे 'पॉश', असे सर रंगवून सांगत. निवृत्तीनंतर त्यांच्या वाचनात आले की, या गोष्टीला पुरावाच नाही. शब्द कुठून आला, हे कोणालाच नक्की ठाऊक नाही.

दुसऱ्या कोणी ते हसण्यावारी नेले असते. सर स्कूटर काढून जुन्या विद्यार्थ्यांच्या घरोघर फिरू लागले. सीपरी बाजारात माझ्याकडेही आले आणि दारातूनच म्हणाले, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं."

"सर, इतक्या वर्षांनी काय फरक पडतो?"

"मुलीला सांगितलीत ना ती गोष्ट? मग पडतो." आणि तिला हाक मारून तिलाही दुरुस्ती सांगितली. माझ्या पत्नीच्या बाळंतपणात आमचे इथे कोणी नव्हते, तेव्हा रोज डबा घेऊन येणारे सर हेच. तेव्हाही ते असेच उभ्या उभ्या परतत.

गेल्या उन्हाळ्यात सरांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, तरी महिन्याभरात बिजौलीच्या एका कारखान्यातून फोन आला. तिथल्या एका विद्यार्थ्याला गाठायला सर भर उन्हात गेले होते आणि फाटकाशीच घेरी येऊन बसले होते. आम्ही ऑटोतून त्यांना घरी आणले. सरांच्या पत्नी सुमनकाकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांना समजावून उपयोग नाही हो. यांच्या पंच्याहत्तरीला तुम्ही विद्यार्थी जो गौरवग्रंथ काढताय, त्यात ती दुरुस्ती छापून टाका. ग्रंथ घरोघर जाईल, मग हे तरी घरी राहतील."

तेव्हा विद्यार्थीजनहो, 'पॉश'ची बोटीची गोष्ट खरी नाही. ज्यांनी ती पुढे सांगितली, त्यांनी कृपया मागे घ्यावी आणि तसे सरांना कळवावे. आम्हाला त्यांची फार काळजी वाटते. पंच्याहत्तरी झाली, पुढची पंचवीस वर्षेही त्यांना ठणठणीत जावोत. सर, निरोप पोचला. आता आम्ही तुमच्याकडे येऊ.