एकाच थाळीत

वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास आला की मला देवरीकडचं भावाचं घर आठवतं. नागपूरच्या पागलखान्यातून मला नुकतंच तिथं आणलं होतं. कानात बोलणारी माणसं बरीचशी गप्प झाली होती, पण भावजय माझ्या भातात काहीतरी कालवते, हा संशय काही जात नव्हता. अंगणभर मोहफुलं पसरलेली असत. त्यांच्या उग्र, गोड वासात भातात कालवलेल्याचा वास कळू नये म्हणूनच ती मला तिथं जेवायला बसवते, असं मला वाटे. तिचीही माझ्यावर नजर असे. मी चुलीपाशी गेले की ती विळी उचलून नेई. एका दुपारी मी थाळी सरकवून दिली. “काऊन जेवून नाही राहिल्या, बाई?” तिनं विचारलं. “तू यात काय टाकलं, ते मले मालूम आहे,” मी म्हटलं. ती रागावली नाही. समोर बसून तिनं माझ्याच थाळीतला भात खाल्ला आणि म्हणाली, “तुमाले माझं भेव वाटते, अन् मले तुमचं. आज तुमीच रांधा.” मग लपवलेली विळी आणून तिनं वांग्यांसोबत माझ्यापुढे ठेवली. मी चिरत होते तोवर ती भिंतीला टेकून माझ्या हातांकडे बघत राहिली. भाजी झाल्यावर पहिला घास तिनं घेतला. तो तोंडात धरून तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग गिळला. तेव्हा कुठं मी जेवले. संशय त्या दिवशी गेला नाही. पुढं कितीतरी महिने आम्ही एकाच थाळीत जेवलो. आता म्हातारपणीही परक्या घरी पाणी पिताना मी थबकते, आणि आधी बघून घेते, समोरची बाई मला भिऊन तर नाही ना उभी.